चार दिवसांत दोन विमानं कोसळली! बारामतीतल्या अपघातांनी फ्लाइंग स्कूलबद्दल काय सांगितलं?

१९ ऑक्टोबर २०२३, गुरुवार. बारामती तालुक्यातल्या कटफळजवळ ट्रेनिंगचं विमान कोसळलं. त्याची चर्चा थांबायच्या आत रविवारी, २२ तारखेला सकाळी गोजुबावीजवळ दुसरं विमान पडलं. दोन्ही विमानं रेडबर्ड या एकाच फ्लाइंग स्कूलची. सुदैवाने जीव वाचले.

मग कारवाई काय झाली?

सहा महिन्यांत पाच घटना झाल्याचं सांगत डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, या संस्थेचं ट्रेनिंग थांबवलं. पुढे ते टप्प्याटप्प्याने सुरू झालं.

पण विषय एका संस्थेपुरता नाही. जुलै २०२२ मध्ये इंदापूरच्या कडबनवाडीत दुसऱ्या एका संस्थेचं विमान शेतात कोसळलं, प्रशिक्षणार्थी तरुणी विमानात एकटीच होती. ती बचावली. मार्च २०२३ मध्ये गोंदियाच्या बिरसी विमानतळावरून उडालेलं विमान बालाघाटच्या डोंगरात कोसळलं. त्यात प्रशिक्षक आणि विद्यार्थिनी, दोघांचाही मृत्यू झाला.

धोका नेमका कुठे असतो?

भारतात कमर्शियल पायलट लायसन्ससाठी २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यातले १०० तास विमानाची पूर्ण जबाबदारी विद्यार्थ्यावर असते. बरीचशी ट्रेनिंग विमानं एका इंजिनची. ते बंद पडलं की विमान लगेच दगडासारखं खाली येत नाही, काही अंतर तरंगत जातं. तेवढ्या वेळात मोकळं शेत शोधून उतरायचं. याचा सराव करून घेतला जातो, पण खऱ्या प्रसंगी निर्णय घेणारा कधीकधी जेमतेम विशीतला असतो.

म्हणूनच "पोराची चूक" म्हणून विषय संपत नाही. विमानाची देखभाल कशी झाली होती, प्रशिक्षकाने कोणत्या हवामानात उडायला परवानगी दिली, हेही तपासावं लागतं. हे काम एएआयबी, म्हणजे विमान अपघात तपास विभाग करतो. नियमानुसार या तपासाचा हेतू दोषी ठरवणं नसून पुढचा अपघात टाळणं हा असतो.

शाळांची परीक्षा कोण घेतं?

डीजीसीएने २०२५ मध्ये पहिल्यांदाच फ्लाइंग स्कूलचं रँकिंग जाहीर केलं. निकाल बोलका होता. ३५ संस्थांपैकी १३ 'बी' श्रेणीत, २२ 'सी' श्रेणीत. 'ए' किंवा 'ए प्लस' एकालाही नाही, म्हणजे ७० टक्क्यांचा टप्पा कुणीच गाठला नाही. ५० टक्क्यांच्या खाली राहिल्या त्या 'सी'.

या गुणांत सुरक्षेचा वाटा २० टक्के, तर संचालनाशी संबंधित बाबींचा ४० टक्के. त्यामुळे फक्त श्रेणी बघून भागत नाही.

पालकांनी काय विचारावं?

ठाण्यातल्या खोपटचा बारावी सायन्सचा मुलगा पायलट व्हायचं म्हणतो, तेव्हा घरच्यांना बारामती, धुळे किंवा गोंदियाकडे बघावं लागतं. फी लाखांत असते, अनेकदा कर्ज काढून भरलेली. ती भरण्याआधी चार प्रश्न विचारायलाच हवेत. श्रेणी कोणती? आज प्रत्यक्ष उडणारी विमानं किती? एका प्रशिक्षकामागे विद्यार्थी किती? आधीच्या बॅचला २०० तास पूर्ण करायला किती महिने लागले?

उत्तरं तोंडी नको, लेखी घ्या. जी संस्था ती द्यायला टाळाटाळ करते, तिथे पैसे भरण्याची घाई करू नका.