स्ट्रेचीसाहेब अजून ड्युटीवर

१८९७ साली मुंबई उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. सरकारविषयी अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला समजावून सांगितला. म्हणजे सरकारवर प्रेम नसणे हाच गुन्हा! टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये केदारनाथ सिंह खटल्यात हा अर्थ निकालात काढला आणि हिंसेला चिथावणी नसलेली टीका, कितीही जहाल असली तरी, राजद्रोह ठरत नाही असे बजावले. पोलीस ठाण्यांत मात्र स्ट्रेचीसाहेब अजून ड्युटीवर आहेत.

सप्टेंबर २०१२ मध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी याला राजद्रोहाच्या आरोपाखाली मुंबईत अटक झाली. भ्रष्टाचारावर बोट ठेवताना त्याने संसद आणि राजमुद्रा चित्रात ओढली होती. दोनच महिन्यांनी बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिणाऱ्या तरुणीला पालघर पोलिसांनी पकडले, आणि ती पोस्ट ‘लाइक’ करणाऱ्या तिच्या मैत्रिणीलाही! प्रकरण अंगाशी आल्यावर दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले. तेव्हा सत्तेत काँग्रेस आणि राष्ट्रवादी होती. २०२२ मध्ये महाविकास आघाडीच्या राज्यात शरद पवारांवरच्या पोस्टपायी एका अभिनेत्रीला महिन्याहून जास्त काळ कोठडीत राहावे लागले. पोस्ट अभिरुचीहीन होती, पण वाईट अभिरुचीला तुरुंग कशाला?

भाजप-शिवसेना सरकारही मागे नव्हते. त्रिवेदी खटल्यानंतर ऑगस्ट २०१५ मध्ये गृहखात्याने परिपत्रक काढले. त्याच्या भाषेमुळे नेते आणि लोकप्रतिनिधींवरची टीकाही राजद्रोहात मोडू शकत होती. उच्च न्यायालयात आव्हान मिळताच सरकारने ते मागे घेतले. बरेच झाले. पण त्यातच एक कामाची अटही होती: राजद्रोहाचे कलम लावायचे तर जिल्ह्याच्या विधी अधिकाऱ्याचे आणि सरकारी वकिलाचे लेखी मत घ्यायचे. परिपत्रकाबरोबर तीही गेली.

१ जुलै २०२४ पासून राजद्रोहाच्या जागी भारतीय न्याय संहितेचे कलम १५२ आले. त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. मार्च २०२५ मध्ये इम्रान प्रतापगढी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की भाषण वा लेखनाबद्दल गुन्हा नोंदवण्याआधी पोलिसांनी प्राथमिक चौकशी करावी. पण ही वाट फक्त तीन ते सात वर्षांच्या आतली शिक्षा असलेल्या गुन्ह्यांसाठी आहे. सर्वांत जड कलमाला ही पायरीच नाही. २०१५ ची ती एक अट कलम १५२ साठी पुन्हा लागू करायला महाराष्ट्राच्या गृहखात्याला दिल्लीची वाट पाहावी लागत नाही.