आवाज नको, शब्द हवा
(द्वितीय वर्ष, कला)

दूरचित्रवाणी संचाच्या पडद्याची लांबी हा अलीकडे घराच्या प्रतिष्ठेचा विषय होऊन बसला आहे. अमक्याकडे ३२ इंची, तमक्याकडे ४३ इंची, अशी मोजदाद गल्लीत चालते. चित्र किती झकास दिसते यावर तासन्‌तास चर्चा होते. परंतु त्या संचातून निघालेला शब्द घरातल्या प्रत्येकाच्या कानापर्यंत नीट पोहोचतो काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. माझे म्हणणे असे की, सामान्य माणसाच्या घरात चित्राइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, शब्दाला मोल आहे. आणि चार पैसे खर्च करायचेच असतील तर ते शब्दासाठी करावेत. मात्र बाजारात शब्दाच्या नावाखाली पुष्कळदा नुसता दणदणाट विकला जातो. तो ओळखावा कसा, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळचे संच म्हणजे लहानशी कपाटेच असत. त्यांच्या पोटात भरपूर जागा असे आणि ध्वनिक्षेपक बहुधा पडद्याशेजारी, बघणाऱ्यांकडे तोंड करून बसवलेला असे. आजचा संच कॅलेंडरासारखा भिंतीला चिकटतो. त्याच्या पातळ अंगात मोठा ध्वनिक्षेपक मावणार कोठे? म्हणून लहान लहान ध्वनिक्षेपक खालच्या किंवा मागच्या बाजूला बसवतात. आवाज आधी टेबलावर किंवा भिंतीवर आपटतो आणि मग आपल्याकडे येतो. वक्त्याने श्रोत्यांकडे पाठ करून भाषण करावे, अशातलाच हा प्रकार. साउंडबार म्हणजे यावरचा साधा उपाय: संचाखाली ठेवण्याची एक लांबट पेटी, जिचे ध्वनिक्षेपक समोर तोंड करून असतात.

हे सारे चोचले आहेत, असे कोणी म्हणेल. आमच्या घरापुरते तरी ते तसे नाहीत. आम्ही इचलकरंजीचे. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी येथे पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे अख्खे गाव मागांवर जगू लागले. माझे वडील, म्हणजे आमचे तात्या, गेली २६ वर्षे मागावर उभे आहेत. धोट्याचा खडखडाट ज्याने ऐकला असेल त्याला सांगायला नको. शेडमध्ये शेजारच्या माणसाशी बोलायचे तर त्याच्या कानाशी तोंड न्यावे लागते, नाहीतर हातवारे करावे लागतात. पाळी संपवून तात्या घरी येतात आणि बातम्या लावतात. दर दोन मिनिटांनी विचारतात, “काय म्हणाला रं त्यो?” आई सांगते, मी सांगतो. अलीकडे मात्र ते विचारेनासे झाले आहेत. नुसते पडद्याकडे बघत बसतात. माझ्या मते काळजी करण्यासारखी गोष्ट हीच आहे.

आवाज वाढवला की झाले, असे वाटणे साहजिक आहे. पण यातील शास्त्र वेगळे आहे. बोलण्यातला भरदारपणा मुख्यतः स्वरांत असतो आणि तो खालच्या पट्टीतला असतो. शब्दाशब्दांतला फरक दाखवणारी स, श, त, च अशी व्यंजने त्या मानाने बरीच क्षीण असून त्यांची ओळख पटवणारा भाग बव्हंशी सेकंदाला २,००० कंपनांच्या वर असतो. सतत गोंगाटात काम करणाऱ्याचे कान प्रथम बधिर होतात ते साधारण ३,००० ते ६,००० कंपनांच्या पट्ट्यात. म्हणजे कान जातात ते नेमके व्यंजनांच्या जागी. ‘सात’ आणि ‘साठ’, ‘पास’ आणि ‘पाच’ यांतला ‘आ’ तात्यांना स्वच्छ ऐकू येतो. रक्कम सात हजार की साठ हजार, ते मात्र कळत नाही. आवाज वाढवला की ‘आ’ अधिक मोठा होतो, शेजारी भिंतीवर थाप मारतात आणि शब्द होता तेथेच राहतो.

यावर एक सूचना नेहमी केली जाते: पडद्यावर खाली अक्षरे येतात, ती वाचावीत. ही सूचना करणारा माणूस वाचता येणाऱ्या घरात जन्मलेला असतो. तात्यांची शाळा चौथीत सुटली. सरकत जाणारी ओळ त्यांना निम्मी वाचून होते तोच ती निघून जाते. आमच्या घरात छापील कागद सरळ वाचत जाणारा मीच पहिला. ज्याला पुस्तक कधी आपले झाले नाही, त्याचे सारे ज्ञान कानावाटे येते. शेतमालाचा भाव, निवडणुकीचा निकाल, एखादे कीर्तन, कुस्तीचे धावते वर्णन, हेच त्याचे वाचन. त्याचा कान बंद पडला की त्याचे वाचनालय बंद पडले. पदवीधराच्या घरातला साउंडबार कदाचित चैनीची वस्तू असेल. आमच्या घरातला तो चष्म्याच्या जातीचा आहे.

आता निवड कशी करावी? पहिली गोष्ट वॅटच्या आकड्याला भुलू नये. खोक्यावर मोठ्या अक्षरांत शेकड्यांनी आकडे छापलेले असतात. त्यांतला आरएमएस म्हणून दिलेला आकडा तेवढा विचारात घ्यावा. पीएमपीओ नावाचा आकडा केवळ डोळे दिपवण्यासाठी असतो. शिवाय वॅट दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट वाटत नाही. शक्ती दुप्पट केली की आवाजाची पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते. आवाज कानाला दुप्पट वाटावा यासाठी सुमारे १० डेसिबल, म्हणजे दसपट शक्ती लागते. दहा बाय बाराच्या खोलीत ४० वॅट आणि ८० वॅट यांसाठी दीड-दोन हजारांचा फरक मोजणे म्हणजे नुसते आकड्याचे पैसे देणे होय.

दुसरी गोष्ट २.०, २.१, ३.१ या संख्यांची. पहिला आकडा समोरच्या वाहिन्यांचा आणि दुसरा खर्जाच्या वेगळ्या पेटीचा, म्हणजे सबवूफरचा. ३.१ मध्ये मधली स्वतंत्र वाहिनी असते आणि चित्रपटातले संवाद प्रामुख्याने तिच्यातूनच येतात. परवडत असेल तर हीच रचना उत्तम. पण ती सहसा महाग पडते. स्वस्तात घ्यायचे तर २.० पुरे, मात्र त्यात संवाद स्पष्ट करणारी सोय असावी. ती बोलण्याचा पट्टा थोडा उचलून धरते. ‘डॉल्बी ॲटमॉस’ या शब्दांनीही हुरळून जाऊ नये. २०१२ साली चित्रपटगृहांत आलेली ही पद्धत आवाज डोक्यावरून आल्याचा भास निर्माण करते. घरच्या बारमध्ये त्यासाठी वर तोंड केलेले ध्वनिक्षेपक लागतात आणि आवाज परतवणारे सपाट छत लागते. आमच्या घरावर उतरते पत्रे आहेत. तेथे हे ॲटमॉस काय करणार? स्वस्त बारमध्ये तर ते ध्वनिक्षेपकच नसतात. असतो तो केवळ शिक्का.

तिसरी गोष्ट सबवूफरची. माझ्या धाकट्या भावाला नेमका तोच हवा आहे. गाण्याला त्याने धमक येते हे मी नाकारत नाही. पण खालच्या पट्टीचा आवाज भिंत ओलांडून पलीकडे जातो आणि आमची भिंत सामाईक आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी पलीकडे रातपाळी करून झोपलेला माणूस असतो, याचे भान हवे. शिवाय अति खर्जाने बोलणे झाकले जाते. सबवूफर घ्यायचाच असेल तर त्याचा आवाज वेगळा कमी करता येतो की नाही, हे आधी पाहावे.

चौथी गोष्ट जोडणीची. आपल्या संचाच्या मागे एचडीएमआयचे जे छिद्र असते त्यावर ‘एआरसी’ अशी अक्षरे आहेत काय, ते दुकानात जाण्यापूर्वी घरीच बघावे. ही सोय २००९ पासून आहे. तिच्यामुळे एकच वायर पुरते आणि बहुतेक वेळा संचाच्या रिमोटवरच बारचा आवाज कमीजास्त करता येतो. वडीलधाऱ्या माणसांच्या हाती दोन रिमोट देणे म्हणजे एक हरवण्याची सोय करणे. एआरसी नसेल तर ऑप्टिकल वायर चालते. ब्लूटूथ गाण्यांना ठीक आहे. पण त्यात आवाज किंचित मागे पडतो, ओठ आधी हलतात आणि शब्द नंतर येतो. आणि ओठांकडे बघून समजून घेण्याची सवय तर मागवाल्यांइतकी दुसऱ्या कोणाला नसेल.

दुकानदार बार दाखवताना हटकून ठेका असलेले गाणे लावतो. ते ऐकून घ्यावे, मान डोलवावी आणि मग बातम्या लावायला सांगाव्यात. दहा फुटांवर बसून, आवाज कमी ठेवून, डोळे मिटून ऐकावे. शक्य असेल तर ज्याच्यासाठी घ्यायचा त्यालाच बरोबर न्यावे. तरुण कानांना सगळेच बार चांगले वाटतात. घरी आणल्यावर बार शोकेसच्या खणात कोंडू नये. टेबलाच्या पुढच्या कडेला, मोकळा ठेवावा.

एक पैसाही न खर्चता करण्यासारख्या दोन गोष्टी मी मुद्दाम शेवटी ठेवल्या आहेत. बहुतेक संचांत आवाजाचे निरनिराळे प्रकार असतात. त्यांतला स्पष्ट बोलण्याचा प्रकार आधी लावून बघावा. आणि सरकारी रुग्णालयात जाऊन कान तपासून घ्यावेत. साउंडबार हे औषध नव्हे. जो कान गेला तो पेटीने परत येत नाही. जो उरला आहे त्याला मदत होते इतकेच. तात्यांची तपासणी करून घेण्याचे मी घरात ठरवून टाकले आहे आणि बार दिवाळीच्या बोनसातून, सहा हजारांच्या आत घ्यायचा आहे. संवाद स्पष्ट करणारा, एआरसी असलेला, २.० चा. भावाची नाराजी मी पत्करली आहे.

आमच्यासारख्या पहिल्याच पिढीत कॉलेजात आलेल्या मुलांना शिक्षणाचा उपयोग काय, असे घरचे लोक अधूनमधून विचारतात. नोकरी लागेल तेव्हा लागेल. पण औषधाची पुडी, विजेचे बिल, बँकेचा फॉर्म आणि अशा खोक्यावरची बारीक इंग्रजी अक्षरे नीट वाचून आपल्या माणसांची फसवणूक टाळणे, हे काम पदवीची वाट न बघता आजच करता येते. ज्यांनी खडखडाटात उभे राहून आपल्याला अक्षरांपर्यंत पोहोचवले, त्यांच्यापर्यंत शब्द पोहोचवण्याची जबाबदारी आपली आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.