मॅटची जाडी आणि रबराची जात

शाळेच्या, बँकेच्या किंवा सरकारी कचेरीच्या जिन्याखाली विजेचा मुख्य फलक असतो आणि त्याच्यासमोर काळी रबरी मॅट अंथरलेली असते. तिच्यावर बहुधा जुन्या फायलींचे गठ्ठे रचलेले असतात, हा भाग वेगळा. फ्यूज गेला की वायरमन गठ्ठे सरकवून याच मॅटवर उभा राहतो आणि ती आपले रक्षण करील असे गृहीत धरतो. हे गृहीत कितपत खरे, याचा निर्णय मात्र फार पूर्वी, खरेदीच्या टेबलावर झालेला असतो. ‘रबर शीट, काळे, अमुक मीटर’ एवढ्या मजकुरावर दरपत्रके मागविली जातात आणि सर्वांत कमी दर मंजूर होतो.

यात कारकुनाचा दोष थोडा, शब्दाचा अधिक. रबर हे आता एका पदार्थाचे नाव राहिलेले नाही. १९३० साली अमेरिकेत ड्युपाँच्या प्रयोगशाळेत वॉलेस करोदर्स यांच्या सहकाऱ्यांच्या हाती निओप्रीन लागले. १९४२ मध्ये मलाया जपानने जिंकल्यावर नैसर्गिक रबराला मुकलेल्या अमेरिकेने स्टायरीन-ब्युटाडाइन रबराचे प्रचंड उत्पादन उभे केले. बरेलीजवळ १९६३ पासून अल्कोहोलपासून तेच रबर तयार होऊ लागले.

या प्रत्येक रबराचा स्वभाव निराळा. नैसर्गिक आणि स्टायरीन-ब्युटाडाइन रबराच्या रेणूंच्या लांब साखळीत दुहेरी बंध असतात. हवेतील अत्यल्प ओझोनही ते तोडतो आणि ताण पडलेल्या जागी आडव्या भेगा उमटतात. ईपीडीएमच्या मुख्य साखळीत असे बंध नसल्याने ते उन्हापावसात वर्षानुवर्षे टिकते. पण तेच गच्चीवरचे उत्तम शीट जनरेटरच्या खोलीत घातले, तर खनिज तेलाने फुगते. तेथे नायट्राइल हवे. आणि काळा रंग म्हणजे मजबुतीची खूण, हा समज तर विजेच्या बाबतीत घातकच. तो रंग बहुधा काजळीचा असतो. काजळीने रबर बळकट होते हे खरे, परंतु तिचे प्रमाण वाढले की त्यातून वीज वाहू लागते. जुन्या टायरांचे रबर मिसळून केलेली स्वस्त शीट हाताला जाड लागते, एवढेच.

याच कारणाने २००६ साली निघालेल्या आयएस १५६५२ या भारतीय मानकात केवळ जाडीवर भिस्त ठेवलेली नाही. ३.३, ११ आणि ३३ किलोव्होल्ट अशा वर्गांसाठी अनुक्रमे २, २.५ आणि ३ मिलिमीटर जाडी पुरेशी मानली आहे. मात्र विद्युत्‌रोध, तेल, आम्ल आणि ज्वाला यांच्या कसोट्या पार कराव्या लागतात. म्हणजे परीक्षित पातळ मॅट अपरीक्षित जाड मॅटीपेक्षा सुरक्षित.

लेखापरीक्षक महाग वस्तूवर आक्षेप घेतील, ही भीती नेहमी पुढे केली जाते. परंतु दरांची तुलना समान वस्तूंचीच होऊ शकते, आणि वस्तू समान आहे की नाही हे मागणीपत्रच ठरवते. त्यात मानकाचा क्रमांक, व्होल्टेजचा वर्ग आणि चाचणी अहवालाची अट अशी एक ओळ वाढविण्यास छदामही लागत नाही. त्याबरोबरच, भेगाळलेली मॅट साठा नोंदवहीत ‘सुस्थितीत’ म्हणून वर्षानुवर्षे पुढे ओढणेही थांबले पाहिजे.