ज्याच्या त्याच्या जागेवर

पनवेल-उरण पट्ट्यातील मोरा बंदर ज्या किनाऱ्यावर वसले आहे, त्याचा सामाजिक इतिहास सांगताना कोळी, आगरी, कराडी, मुसलमान, पारशी आणि बेने इस्रायल ज्यू हे समाज पिढ्यानुपिढ्या शेजारी राहिले, असा उल्लेख मोठ्या गौरवाने केला जातो. तो उल्लेख खोटा नाही, पण अपुरा आहे, कारण हे शेजारपण कोणत्या अटींवर टिकले हा प्रश्न त्यात सहसा विचारला जात नाही.

या प्रश्नाच्या दृष्टीने बेने इस्रायल समाजाचा इतिहास सर्वांत बोलका आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या व त्यांच्यापासून हा समाज वाढला, अशी त्यांची परंपरागत समजूत आहे. तेलाच्या घाण्यावर उपजीविका करणारे आणि शब्बाथ, म्हणजे शनिवारचा धार्मिक विसावा, पाळून त्या दिवशी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ हे नाव दिले. त्यांनी मराठी भाषा स्वीकारली, पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी गावांवरून आडनावे घेतली, एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे संदेष्टा एलियाच्या, नावाने पोहे, खोबरे आणि फळांचा मलिदा करण्याची प्रथा जपली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत तर बायबलमधील आख्यानांवर मराठीत कीर्तनेही रचली. पनवेलमधील बेथ एल हे त्यांचे प्रार्थनामंदिर 1849 सालचे आहे. ज्यूंचा छळ झाला नाही असे जगातले जे थोडे प्रदेश सांगता येतात त्यांत कोकणपट्टीची गणना होते, आणि ती योग्यच आहे.

तथापि या सौहार्दाचे श्रेय केवळ गावाच्या उदारपणाला देणे सोयीचे असले तरी पुरेसे नाही. प्रत्येक जातीचा धंदा, रोटी-बेटीव्यवहार, देवधर्म आणि सुतक-सोवळे वेगळे असणारच, हे गृहीत धरून चालणाऱ्या ग्रामव्यवस्थेला आणखी एका वेगळ्या नियमांच्या समूहासाठी जागा करून देणे अवघड नव्हते. शनिवारी न राबणारा तेली तिला अडचणीचा वाटला नाही, कारण तो दुसऱ्या कोणाच्या जागेवर हक्क सांगत नव्हता. म्हणजे ज्या रचनेने परक्याला सुखरूप ठेवले, तीच रचना माणसाला जन्माने मिळालेल्या जागेवर बांधूनही ठेवीत होती. त्या रचनेची छाप पाहुण्यावरही पडली, आणि खुद्द बेने इस्रायलांमध्ये ‘गोरे’ व ‘काळे’ असे दोन वर्ग पडले. समाजाबाहेरील स्त्रियांपासून झालेली संतती मानल्या गेलेल्या ‘काळ्यां’शी ‘गोरे’ विवाहसंबंध टाळीत. पुढे 1948 नंतर मोठ्या संख्येने इस्रायलमध्ये गेलेल्या याच समाजाच्या ज्यूपणाविषयी तिथल्या धर्मपीठाने विवाहाच्या संदर्भात शंका घेतली आणि 1964 साली आंदोलन झाल्यानंतर तेथील संसदेने त्यांना पूर्ण ज्यू म्हणून मान्यता दिली. वगळण्याचा व्यवहार किती सहजपणे एका हातातून दुसऱ्या हातात जातो, याचे हे उदाहरण अवघड जागी बोट ठेवणारे असले तरी ते टाळता येण्याजोगे नाही.

जागा नेमून देणारे सहजीवन कुठे थांबते, हे तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यात महाडला दिसले. सार्वजनिक निधीतून चालणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा व दवाखाने अस्पृश्य मानलेल्यांना खुले करावेत, असा रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 साली संमत केला, महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले असल्याचे जाहीर केले, आणि तरीही 20 मार्च 1927 रोजी, महाडच्या पहिल्या परिषदेच्या वेळी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तळ्याचे पाणी घेतल्यावर त्यांच्यावर हल्ला झाला व तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. त्या तळ्यावर मुसलमानांना मज्जाव नव्हता, हे येथे मुद्दाम ध्यानात घेण्याजोगे आहे. धर्माने वेगळा असलेला माणूस खपत होता, मात्र व्यवस्थेने तळाशी ठेवलेला माणूस वर येऊन त्याच पायरीवर उभा राहिलेला खपत नव्हता. त्याच वर्षी डिसेंबरात दुसऱ्या परिषदेसाठी जागा मिळेना, तेव्हा ती एका मुसलमान गृहस्थाने दिली, आणि न्यायालयात तळ्याच्या पाण्यावरचा हक्क मान्य होईपर्यंत 1937 साल उजाडले. सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधरपंत सहस्रबुद्धे यांच्यासारखे सवर्ण सहकारी या लढ्यात होते, हेही विसरता कामा नये, कारण नेमून दिलेली जागा सोडण्याचे धैर्य वरच्या माणसालाही दाखवावे लागते.

आजचा मोरा पाहता हा जुना प्रश्न नव्या वेशात उभा असल्याचे जाणवते. न्हावा-शेवा बंदर 1989 साली सुरू झाल्यापासून या परिसरात अनेक राज्यांतील कामगार आले. गोदामांत, कंटेनर यार्डांत आणि मासेमारीच्या नौकांवरही ते राबतात. ज्यांच्या जमिनी व खाड्या प्रकल्पांत गेल्या आणि ज्यांनी 1984 च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात गोळ्या झेलल्या, त्या भूमिपुत्रांची वंचिततेची भावना खरी आहे, आणि ती बाजूला सारून समावेशनाची भाषा करणे अन्याय्य ठरेल. पण त्या भावनेचे ओझे ज्याने जमीन घेतली नाही, त्या परप्रांतीय खलाशाच्या डोक्यावर टाकणेही तितकेच चुकीचे आहे. शिधापत्रिकेवरचे धान्य दुसऱ्या राज्यातही मिळण्याची सोय किंवा मुलाला गावच्या शाळेत मराठी शिकण्याची संधी, अशा कोरड्या वाटणाऱ्या गोष्टी येथे स्नेहसंमेलनांपेक्षा अधिक काम करतात.

बंदराची जेटी हे याच विचाराचे ठोस स्थळ आहे. मुंबईतला भाऊचा धक्का ते मोरा हा जलमार्ग सर्वांचा आहे, पण मोऱ्याला गाळ साचत असल्याने मोठ्या ओहोटीत लाँच लागणे कठीण होते, आणि चढ-उतार करताना म्हातारी कोळीण, गरोदर स्त्री किंवा कुबडी घेतलेला प्रवासी यांना खलाशाच्या हातावर विसंबावे लागते. तो हात बहुधा आपुलकीनेच पुढे येतो. मात्र 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक वाहतूक सर्वांना वापरता येण्याजोगी असण्याचा जो हक्क दिला आहे, तो आपुलकीवर सोडलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली तृतीयपंथी व्यक्तींची ओळख मान्य केली, तिचाही अर्थ अशा धक्क्यावरचे स्वच्छतागृह त्यांना अपमानाविना वापरता येते की नाही, यावरूनच लागतो. मोरा येथे रो-रो सेवेसाठी नव्या जेटीचे काम हाती घेण्यात आले आहे. उतार किती तीव्र असावा, तिकीट खिडकी किती उंचीवर असावी, सूचना ऐकू न येणाऱ्याला त्या कशा कळाव्यात आणि टोपली घेऊन जाणाऱ्या मासळीवालीला बसण्यासाठी जागा कुठे असावी, हे प्रश्न काँक्रीट ओतण्यापूर्वी त्या त्या माणसांना बोलावून विचारले गेले पाहिजेत.