पत्ता कोणीं सांगावयाचा?

"माहिती हवी तेवढी आहे, शोधणारा मात्र पाहिजे," हें वाक्य अलीकडे आम्हांस वारंवार ऐकूं येतें. अपंग मुलांच्या आईबापांस करण्यांत येणाऱ्या उपदेशांत याहून निर्दय उपदेश आम्हीं ऐकलेला नाहीं. ज्या वस्तूचें नांवच ठाऊक नाहीं, तिचा शोध माणसानें घ्यावा तरी कसा?

आमच्या एका सहकाऱ्याची नात दोन वर्षांची झाली तरी बोलेना. आजी म्हणाली, हिचा बापहि उशिराच बोलूं लागला होता. डॉक्टर म्हणाले, थांबा, बोलेल. थांबण्यांत दीड वर्ष गेलें, आणि मग कळलें कीं, पोरीला जन्मापासून ऐकूंच येत नव्हतें. सहकारी धरमपेठेंत राहतात. शंकरनगरांतील मूकबधिर विद्यालय त्यांच्या घरापासून पायीं जाण्याच्या अंतरावर. त्याच बाजूस ते वर्षानुवर्षें फिरावयास जात. आंत शिरून विचारावें असें त्यांच्या मनांत आलें नाहीं, आणि तसें त्यांस कोणीं सांगितलेंहि नाहीं. जन्मतः बहिऱ्या मुलाच्या कानांत शस्त्रक्रियेनें यंत्र बसविण्याच्या केंद्र सरकारच्या योजनेस वयाची 5 वर्षांची मर्यादा आहे. ही कोणा कारकुनाची लहर नव्हे. भाषा उचलण्याची मेंदूची शक्ति त्या वयांतच सर्वांत अधिक असते. पोरीचें साधलें, पण अगदीं काठावर.

कायदा नाहीं म्हणून असें घडतें, हें म्हणण्याची सोय आतां उरलेली नाहीं. 1995 च्या कायद्यानें अपंगत्वाचे 7 प्रकार मानले होते. 2016 च्या कायद्यानें ते 21 केले. 40 टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला सहाव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. दर 5 वर्षांनीं शाळांतील मुलांची पाहणी करून अशीं मुलें हुडकावीं, असेंहि सरकारास बजावलें. हुडकण्याचें काम सरकारचें, असें कायदाच म्हणतो. मग 'शोधणारा पाहिजे' ही भाषा आली कोठून? ('अपंग' टाकून 'दिव्यांग' म्हणण्याचा उत्साह मात्र आम्हां सर्वांस लवकर आला. शब्द बदलण्यास पायपीट लागत नाहीं.)

2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचीं पथकें अंगणवाड्यांत आणि सरकारी व अनुदानित शाळांत जाऊन मुलें तपासतात. म्हणजे वस्तींतल्या मुलाकडे कोणी तरी पाहण्याची थोडीबहुत शक्यता आहे. खासगी बालवाडींत जाणारें आमचें धरमपेठी मूल त्या पथकाच्या दृष्टीसच पडत नाहीं. आमची ऐपत आहे, असा समज. आणि ती ऐपत आम्ही खर्चतों लपविण्यावर.

होय, लपविण्यावर. लग्नकार्याच्या दिवशीं अशा मुलाला शेजाऱ्याकडे ठेवून येणारीं सुशिक्षित कुटुंबें आम्हीं पाहिलीं आहेत, आणि त्यांस कधीं एका शब्दानें विचारलें नाहीं, हा आमचाहि दोष. थोरल्या बहिणीचें लग्न जमणार नाहीं, हें कारण. प्रमाणपत्र कोठें मिळतें, कोणता शिक्षक जीव लावतो, कोण नुसते पैसे उकळतो, हें जी आई दहा वर्षें ठेचा खाऊन शिकली, तीच तोंड मिटून बसते. आणि पलीकडच्या गल्लींतली दुसरी आई तोच जिना पहिल्या पायरीपासून चढूं लागते. मूल अठरा वर्षांचें झालें कीं, कायद्याच्या दृष्टीनें आईबाप त्याचे पालक राहत नाहींत. मतिमंद वा स्वमग्न मुलासाठीं 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालीं जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून पालकत्व मागून घ्यावें लागतें. ही गोष्ट आमच्या वर्गांतील बहुतेकांस कळते ती बँकेंत सही अडल्यावर.

आमची मागणी लहान आहे. ज्या डॉक्टरानें निदान सांगितलें, त्यानेंच त्याच कागदावर पुढें कोठें जावयाचें तें लिहून द्यावें: नागपुरांतील संयुक्त प्रादेशिक केंद्राचा पत्ता, जवळच्या शाळेचें नांव, प्रमाणपत्राची जागा, आणि अशाच एका मुलाच्या आईचा, तिच्या संमतीनें, दूरध्वनि क्रमांक. औषधाचें नांव लिहिणाऱ्या हातास एवढें जड जाऊं नये.

आमच्या सहकाऱ्यांनीं आपला क्रमांक एका बालरोगतज्ज्ञाकडे लिहून ठेवला आहे. आठ महिन्यांत तिघांनीं विचारलें. तिघेहि धरमपेठेंतलेच होते.