शेंड्याची आग खालच्या फांदीवर ठरते

वणव्याच्या संगणकीय प्रारूपात वनछत्र प्रामुख्याने चार आकड्यांनी मांडले जाते: आच्छादन, झाडांची उंची, हिरव्या फांद्या जमिनीपासून किती वर सुरू होतात ती उंची, आणि छत्राच्या एका घनमीटरात किती किलो पालवी व काड्या जळू शकतात ती दाटी. आच्छादन उपग्रहाला सहज दिसते, म्हणून रंगीत नकाशांत त्याचाच थाट. अशा नकाशांचे म्हणणे एकच: जितके हिरवे तितके धोक्याचे. वणवा मात्र खालून वर चढतो.

कॅनडाचे वणवा-संशोधक व्हॅन वॅग्नर यांचे १९७७चे सूत्र आजही या गणिताचा कणा आहे. जमिनीवरची आग ठरावीक तीव्रता ओलांडते तेव्हाच छत्र पेटते; ती मर्यादा खालच्या फांदीची उंची आणि पानांतला ओलावा ठरवतात. ओलावा पानांच्या सुक्या वजनाइतका असेल आणि फांद्या एक मीटरवर असतील, तर सुमारे १७० किलोवॉट प्रति मीटर एवढी आग पुरते. त्याच फांद्या चार मीटरवर असल्या तर सुमारे १,३५० लागतात. उंची चौपट, मर्यादा आठपट. उत्तर अमेरिकेतल्या ब्लॅक स्प्रूसच्या फांद्या जमिनीला टेकायला येतात, त्यामुळे आगीला शिडी आयतीच मिळते. प्रौढ पाँडेरोसा पाइन खालच्या फांद्या टाकून देतो. त्याच्या बुंध्याशी गवत जळून जाते आणि शेंडा हिरवा राहतो. वरून पाहता दोन्ही ठिकाणी जंगलच.

दाटीचे काम त्यानंतरचे. छत्रात ती ०.२ किलो असेल तर आग मिनिटाला १५ मीटर सरकली तरी शेंड्याशेंड्याने सलग पळू शकते, ०.१ असेल तर ३० मीटरचा वेग हवा.

अमेरिकेच्या ‘लँडफायर’ या नकाशासंचात खालच्या फांदीची उंची ३० मीटरच्या चौकटींत अंदाजाने भरलेली असते. प्रारूपात छत्र पेटत नाही असे दिसले की वापरणारे हा आकडा खाली ओढतात. उत्तर आधी, गणित मागाहून. खोट मुळात प्रारूपांतही आहे: क्रूझ आणि अलेक्झांडर या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवले की प्रचलित प्रारूपे छत्राग्नीची शक्यता कमी लेखतात. खालच्या फांदीची उंची टेप घेऊन रानात गेलेल्या वनरक्षकाने मोजलेली बरी.

छत्राची दाटी घटवायला झाडांची विरळणी हा सोपा उपाय वाटतो. पण छत्र विरळ झाले की वारा ज्वाळांपर्यंत पोचतो आणि जमिनीवरचा पाचोळा लवकर सुकतो; वर धोका घटतो, खाली आग वेगावते. दोन्ही बाजू मोजणारे प्रारूपच उपयोगाचे.

मेळघाटच्या सागवनात ही सूत्रे फारशी कामाची नाहीत. वणव्याच्या दिवसांत सागाचे छत्र बहुतांशी जमिनीवर पडलेले असते. तिथे मोजायचा तो पाचोळा.