मैत्रीचा सामना आणि जमिनीची मालकी

क्रीडांगणावर वर्गभेद उरत नाही, हे वाक्य आपल्याकडील सुशिक्षित मंडळी इतक्या निष्ठेने उच्चारीत असतात की, ते एकदा तपासून पाहावे असे कोणाला सुचतही नाही. तपासावयाचेच तर इंग्लंडमधील एका जुन्या प्रथेइतके सोयीचे उदाहरण दुसरे सापडणार नाही. खेळ गोल्फचा आहे. त्याच्याशी आपल्या कार्यकर्त्यांना काय कर्तव्य, असे कोणी विचारील. परंतु ज्या खेळाच्या एकेका मैदानाला शंभर-दीडशे एकर जमीन लागते, तो खेळ जमिनीच्या प्रश्नात रस असणाऱ्यांनी नजरेआड करू नये.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा खेळ स्कॉटलंडमधून इंग्लंडमध्ये फैलावला, तो प्रामुख्याने सधन व सुखवस्तू लोकांच्या क्लबांमार्फत. मैदाने मात्र अनेक ठिकाणी गावच्या गायरानावर किंवा सामायिक रानावर आखली गेली. डेव्हन परगण्यातील नॉर्दम येथे गावकऱ्यांना ज्या कुरणात गुरे-मेंढ्या चारण्याचा हक्क होता, तेथे १८६४ साली क्लब निघाला. १८८८ साली त्याच मैदानावर खेळणारा, पण निराळा, असा कामगारांचा क्लब स्थापन झाला. ससेक्समधील ॲशडाऊन रानात १८८८ साली प्रतिष्ठितांचा क्लब निघाला आणि १८९२ मध्ये त्याच्या आश्रयाने कारागिरांचा ‘कँटेलूप क्लब’. कँटेलूप ही तेथील जमीनदार डी ला वॉर घराण्याच्या वारसाची पदवी होय. (याच घराण्यातील नववे अर्ल पुढे ब्रिटिश मजूर पक्षात आले व १९३१ साली मॅक्डोनल्ड यांच्याबरोबर बाहेर पडले. तो विषय निराळा.)

पुढे इंग्लंडभर अशा कारागीर-शाखा निघाल्या. माळी, सुतार, गवंडी, रेल्वे-कामगार असे लोक नाममात्र वर्गणी भरून सभासद होत. अटी ठरलेल्या असत. खेळावयाचे ते सकाळी लवकर किंवा सायंकाळी, सभासद मंडळी मैदानावर नसतील तेव्हा. क्लबच्या मुख्य इमारतीत पाऊल टाकावयाचे नाही. बसावयास निराळी खोपटी. आणि मोबदला म्हणून मैदानाच्या डागडुजीत अंगमेहनत करावयाची.

वर्षातून एक दिवस मात्र पालक-क्लब आणि कारागीर यांच्यात मैत्रीचा सांघिक सामना होई. वकिलासमोर गवंडी, कर्नलसमोर माळी. कारागीर अनेकदा जिंकत. ज्यांचे बाळपण सभासदांच्या काठ्यांच्या पिशव्या वाहण्यात, म्हणजे कॅडीच्या कामात गेले, त्यांना त्या जमिनीचा उंचसखलपणा पायांनी ठाऊक असे. हरल्यावर सभासद दिलदारपणे हस्तांदोलन करीत. ही दिलदारी खोटी होती असे मी म्हणत नाही. ती स्वस्त होती, एवढेच माझे म्हणणे आहे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या व्यवहाराचा ताळेबंद मांडण्यास वेळ लागणार नाही. सकाळच्या ज्या वेळी मैदान रिकामेच पडून असते, त्या वेळेचा वापर दुसऱ्याला दिल्याने क्लबचा खर्च जवळजवळ शून्य. त्याच्या बदल्यात मिळणारे श्रम मात्र खरेखुरे. बाजारभावाने घ्यावयाचे तर त्यांना मजुरी पडली असती. जमीनवापराच्या बदल्यात श्रम देणे याला आपल्या भाषेत वेठ म्हणतात. वेठीचे मानकरी मात्र या ठिकाणी रविवारच्या कपड्यांत असत.

यात दुसराही लाभ होता. ॲशडाऊन रानात शेतकऱ्यांना जनावरांखाली अंथरण्यासाठी नेचे आणि झुडपे कापण्याचा पूर्वापार हक्क होता. त्यावरून अर्ल आणि गावकरी यांच्यात मोठा खटला गाजला आणि अखेर १८८५ च्या कायद्याने रानाच्या व्यवस्थेसाठी संरक्षक मंडळ नेमले गेले. क्लब त्यानंतर तीनच वर्षांनी निघाला. तेथील मैदानात आजही वाळूचा एक खड्डा नाही, कारण रानाच्या भूमीत फेरफार करण्याची क्लबला मुभा नाही. अशा ठिकाणी गावातील उमद्या तरुणांना उपकृत करून ठेवणे शहाणपणाचेच होते. ज्यांचा भूमीवर हक्क होता, ते परवानगीचे लाभार्थी झाले.

आणि तरीही त्या खेळाडूंकडे तुच्छतेने पाहण्याचा आपणांस अधिकार नाही. कँटेलूपचा एब मिचेल हा माळीकाम करणारा तरुण. १९१२ सालच्या ब्रिटिश हौशी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात ३६ होलांनंतरही बरोबरी सुटेना. ३८ व्या होलवर जॉन बॉल याने त्याला हरविले. बॉलचे हे आठवे विजेतेपद. दुसऱ्याच वर्षी मिचेल व्यावसायिक झाला. हौस ही फुरसतीवर चालते आणि फुरसत उत्पन्नावर, हे सांगावयास नको. पुढे सॅम्युएल रायडर या बियाणे-व्यापाऱ्याने त्याला आपला शिक्षक म्हणून पगारी ठेवले, आणि रायडर चषकावर आज जी खेळाडूची सोनेरी मूर्ती दिसते, ती या मिचेलची आहे.

याहून उद्बोधक चरित्र जे. एच. टेलर यांचे. नॉर्दमच्या मजुराचा मुलगा, लहानपणीच बापाला मुकलेला, अकराव्या वर्षी शाळा सोडून कॅडी झालेला. कामगारांच्या त्याच क्लबातून पुढे येऊन त्यांनी खुले अजिंक्यपद पाच वेळा मिळविले. १९०१ साली व्यावसायिक खेळाडूंची संघटना उभारण्यात त्यांचा पुढाकार होता. ती एक प्रकारची कामगार-संघटनाच होय. १९२१ मध्ये त्यांनी कारागीर-खेळाडूंचा देशव्यापी संघ काढण्यात पुढाकार घेतला. परंतु ते एवढ्यावर थांबले नाहीत, हे त्यांच्या गौरवपर लेखांत सहसा ठळकपणे येत नाही. पहिल्या चार्ल्स राजाने १६३७ साली भोवती भिंत घालून शिकारीसाठी राखलेल्या रिचमंड पार्कमध्ये १९२३ साली सार्वजनिक गोल्फ-मैदान खुले झाले, ते टेलर यांच्या खटपटीचे फळ होते. तेथे शिफारस लागत नसे, डागडुजीची वेठ लागत नसे. तिकीट काढावे आणि खेळावे. दोनच वर्षांत शेजारी दुसरे मैदान करावे लागले.

एकाच माणसाने दोन मार्ग चोखाळले, म्हणून तुलना सोपी आहे. कारागीर-शाखांपैकी बहुतेक आज नामशेष झाल्या आहेत. परवानगी ज्याने दिली तोच ती काढूनही घेऊ शकतो. सार्वजनिक मैदानाचे तसे नाही. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे तर हे तत्त्व फार पूर्वीच रुजले होते. तेथील खेळाची भूमी १८९४ च्या कायद्याने नगराच्या मालकीची झाली. जगभर दबदबा असलेल्या तेथील रॉयल अँड एन्शंट क्लबचे स्वतःचे मैदान नाही. १८४३ साली कारागिरांनी स्थापलेल्या क्लबचे सभासद ज्या हिरवळीवर खेळतात, त्याच हिरवळीवर तेही खेळतात. त्या दोघांत सामना झाला, तर त्याला मैत्रीचा सामना म्हणण्यास माझी हरकत नाही.

आपल्या देशात हा खेळ साहेबाबरोबर आला. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा, ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना. त्याच क्लबच्या मैदानाची निगा राखणाऱ्याचा मुलगा शिवशंकर प्रसाद चौरसिया २००८ साली इंडियन मास्टर्स जिंकला. दिल्लीतील कॅडी अली शेर यांनी १९९१ साली इंडियन ओपन जिंकली, आणि तोवर एकाही भारतीय व्यावसायिकाला ते साधले नव्हते. काही क्लबांत सोमवारी मैदान सभासदांना बंद असते, तेव्हा कॅडींना खेळू देतात. कारागीर-शाखेचीच ही भारतीय आवृत्ती, तीही वर्गणीचा व संघटनेचा मान न देता.

यांपैकी कित्येक मैदाने सरकारी जमिनीवर भाडेपट्ट्याने आहेत. अशा पट्ट्याच्या नूतनीकरणाचा प्रस्ताव जेथे येईल, तेथे आपल्या लोकप्रतिनिधींनी दोन प्रश्न लेखी विचारावेत. एकरी भाडे किती आकारले जाते? आणि आठवड्यातील किती तास हे मैदान तिकीट काढून कोणालाही, व पालिकेच्या शाळेतील मुलांना तिकिटाविना, खुले ठेवण्याची अट पट्ट्यात घातली आहे?